एप्रिलात वाकलेला रूळ, जुलैत उघडलेली फट

गुढीपाडवा होऊन आठवडाही झाला नव्हता. दुपारी साडेतीनला मामांचा फोन आला. "बाबू, रूळ वाकला." एवढंच. आवाज असा, की घरात कोणी पडलं-झडलं असावं. मी नागपुरातल्या प्रतापनगरहून महालात पोचलो तेव्हा मामा गच्चीला लागून असलेल्या खोलीत बनियनवर उभे होते, चष्मा कपाळावर, आणि समोर त्यांची छोटी रेल्वे. स्टेशनासमोरच्या सरळ मार्गावर, जिथे रुळाचे दोन तुकडे जोडले होते तिथे, दोन्ही रूळ एकाच बाजूला झुकून सापासारखे वळले होते. पट्टी लावून पाहिलं तर झुकाव दोन मिलिमीटर. पण दोन रुळांमधलं अंतरच जिथे नऊ मिलिमीटर, तिथे दोन म्हणजे फार झाले. इंजिन कसंबसं निघायचं, दुसरा डबा हमखास खाली यायचा.

निदान मी केलं आणि ते चुकलं. उपाय केला, त्यानं दुखणं वाढलं. खरं कारण हाती लागायला पुढचा एप्रिल उजाडावा लागला. कोणी घरात असा पाट, म्हणजे छोटी रेल्वे मांडायची फळी, मांडायच्या बेतात असेल तर त्याला तारखांसकट हे सगळं कळावं, म्हणून लिहितो आहे.

पाट आणि रूळ

मामांची आजी सौंसरची. लहानपणी प्रत्येक उन्हाळ्यात इतवारी स्टेशनवरून नॅरोगेजच्या गाडीत बसायचं, सावनेर, केळोद, लोधीखेडा करत सौंसरला उतरायचं. ती छिंदवाड्याची लाइन २०१५ च्या अखेरीस ब्रॉडगेज करण्यासाठी बंद झाली. नागभीडची नॅरोगेज २०१९ मध्ये थांबली. मोतीबागेत नॅरोगेजचं संग्रहालय आहे, तिथे मामा इतक्यांदा गेलेत की मामींनी आता सोबत जाणं सोडून दिलंय. बँकेतून निवृत्त झाले आणि तिसऱ्याच महिन्यात म्हणाले, आपण सावनेर बांधू.

मापाचा प्रश्न त्यांनी छान सोडवला होता. बाजारात सगळ्यात जास्त मिळतं ते एचओ, म्हणजे १:८७, खऱ्याच्या सत्त्याऐंशीवा भाग. त्याचा रूळ १६.५ मिलिमीटरचा, आणि तो परदेशातल्या १४३५ मिलिमीटरच्या गेजला, म्हणजे दोन रुळांमधल्या अंतराला, बेतलेला. आपलं ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटर. ८७ नं भागलं तर १९ च्या वर जातं. त्यामुळे एचओ रुळावरची आपली ब्रॉडगेज गाडी नेहमी जरा अरुंद रुळावर उभी दिसते, आणि ज्याला कळतं त्याच्या डोळ्यात ते सलतं. नॅरोगेजचं तसं नाही. अडीच फूट म्हणजे ७६२ मिलिमीटर, भागिले ८७, उत्तर ८.७६. नऊ मिलिमीटरचा रूळ तयार मिळतो. पाव मिलिमीटरच्या आत बसलं. "ही लाइन खोटं बोलत नाही," मामा म्हणाले होते.

तर नऊ मिलिमीटरचा लवचिक रूळ मागवला, पेको कंपनीचा, ९१४ मिलिमीटरचे सहा तुकडे. एन मापाच्या, म्हणजे नऊ मिलिमीटरच्याच रुळावर चालणाऱ्या, तयार जपानी चेसिसवर प्लास्टिकच्या शीटमधून झेडडीएमचं अंग कापून बसवलं. नॅरोगेजच्या त्या डिझेल इंजिनाच्या नावात झेड म्हणजे अडीच फुटी गेज, डी म्हणजे डिझेल आणि एम म्हणजे प्रवासी-माल दोन्ही ओढणारं. रंग देताना मामांनी मला हातही लावू दिला नाही.

आता पाट. खालची चौकट लोखंडी अँगलची, वेल्डिंगवाल्याकडून करून घेतलेली. तिच्यावर १८ मिलिमीटरची एमडीएफची आठ बाय चारची अख्खी शीट, मधोमध चार स्क्रूनं धरलेली. एमडीएफ का? सपाट होती, गाठी नव्हत्या, प्लायपेक्षा स्वस्त होती आणि दुकानदार म्हणाला होता की वाकत नाही. वरच्या बाजूला रंग, माती, खडीसाठी चाळलेली बारीक रेती, ती बसवायला पाणी घातलेलं फेविकॉल. एका लांब बाजूला सावनेर, दुसऱ्या बाजूला भंडारकुंडच्या पुढचा घाट, कागदाचा लगदा आणि प्लास्टरचा. सगळा फेरा सुमारे ५.४ मीटर. खालची बाजू कोरीच. तिकडे कोण बघणार होतं?

रूळ टाकले ते गणपती उठल्यावर, सप्टेंबरात. बाहेर पाऊस, खोलीच्या भिंतीला ओल. मी तंत्रनिकेतनात विजेचे विषय शिकवतो, हात सोल्डरिंगला बसलेला. त्यामुळे प्रत्येक जोड मी सोल्डर केला, वर किसून गुळगुळीत केला. गाडी फिरली की कुठेही खट नाही. त्या सफाईचं मामांनी येणाऱ्या-जाणाऱ्याला कौतुक सांगितलं, आणि मीही ते ऐकून घेतलं.

पहिलं निदान

त्या एप्रिलच्या दुपारी खोलीत ४१ अंश होते. वर उघडा स्लॅब, दिवसभर तापलेला. अशा खोलीत धातूचा रूळ वाकला तर कारण शोधायला कुठे जायचं? नागपुरात काहीही बिघडलं की ऊन जबाबदार असतं. गाडीची बॅटरी गेली, ऊन. दही आंबलं, ऊन. मीही तेच म्हटलं.

शिक्कामोर्तब केलं समोरच्या काकांनी. ते रेल्वेत रूळमार्गाच्या कामावर पस्तीस वर्षं होते, अजनीला राहायचे, आता महालात आलेत. पाट पाहिला, गुडघ्यावर बसले, रुळाला डोळा लावून लांबपर्यंत पाहिलं, जसं ते खरे रूळ बघत असतील.

"गॅप किती ठेवला?"

"नाही ठेवला, काका. सोल्डर केलं."

"मग वाकणारच ना बाप्पा! त्याला जायला जागा कुठंय?"

मग त्यांनी समजावलं ते ऐकण्यासारखं होतं. जुन्या पद्धतीत तेरा मीटरचा रूळ असायचा, दोन रुळांमध्ये फट आणि ती बांधायला फिशप्लेट. पोलाद अंशागणिक मीटरला साधारण साडेअकरा मायक्रॉन वाढतं. तेरा मीटरचा रूळ, थंडीतून उन्हाळ्यात चाळीस अंशांचा फरक, म्हणजे सहा मिलिमीटर. तेवढी वाढ त्या फटीत मावली पाहिजे. आताच्या लांब वेल्डेड रुळात फटी नाहीत, तिथे रूळ वाढू द्यायचाच नाही असं तंत्र. स्लीपर, क्लिपा आणि खडी मिळून त्याला जखडतात, ठरलेल्या तापमानाला ताण काढून घेतात, आणि रूळ ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त तापला की माणसं गस्त घालतात. "आमच्या पोरांनी मे महिन्यात भर दुपारी किती किलोमीटर तुडवले, ते कोणी लिहून नाही ठेवलं," असं म्हणून काका उठले.

जाता जाता त्यांनी वळणावर बोट ठेवलं. तिथे रुळाच्या बाहेरच्या अंगाला खडीत केसासारखी भेग होती, अख्ख्या वळणभर. "हे काय?" मी म्हटलं, फेविकॉल सुकताना तडकलं असेल. त्यांनी मान हलवली आणि चहाला बसले. त्या भेगेकडे मी तेव्हाच नीट पाहायला हवं होतं.

उपाय सरळ होता. बारीक कटिंग डिस्कनं चार ठिकाणी रूळ कापले, प्रत्येक फट एक मिलिमीटर. वाकलेला भाग कोमट पाण्यानं भिजवून सोडवला, सरळ केला, पुन्हा चिकटवला. गाडी संध्याकाळी सात फेऱ्या न पडता फिरली. मी घरी येऊन शांत झोपलो.

मेच्या मध्यावर मामांनी खोलीच्या खिडकीत कूलर बसवला, वाळ्याच्या नव्या ताट्या घालून. नवतपा आला. बाहेर सेहेचाळीस. गाडी एकदाही पडली नाही. एका रात्री मामा फोनवर म्हणाले, "बाबू, त्या फटी मोठ्या झाल्यासारख्या वाटून राहिल्या." मी हसून म्हटलं, उन्हाळ्यात फटी मिटतात मामा, मोठ्या नाही होत. चष्म्याचा नंबर तपासून घ्या. त्यांनी तपासूनही घेतला. तोच होता.

जुलै

मृग कोरडा गेला, आर्द्रात पाऊस लागला. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात पुन्हा फोन. या वेळी रूळ वाकला नव्हता. घाटाच्या पायथ्याची फट तीन मिलिमीटरची झाली होती, चाक त्यात खट्‌कन उतरायचं आणि बोगी आडवी व्हायची. शिवाय अर्धा फेरा मेला होता. रुळाला वीज देणारी तारांची जोडी एकच, स्टेशनाजवळ. पुढची वीज रूळ जोडणाऱ्या छोट्या पत्र्याच्या जोडपट्ट्यांतून जायची, आणि त्या पट्ट्या एका टोकाच्या रुळावरून जवळजवळ निसटल्या होत्या.

पहिल्यांदा मी वहीत आकडे मांडले. एप्रिलातच मांडले असते तर हे लिहायची वेळ आली नसती.

मॉडेलचे रूळ निकेल सिल्व्हरचे असतात. त्यात चांदी नसते. तांबं, निकेल आणि जस्त, आपल्याकडे ज्याला जर्मन सिल्व्हर म्हणतात तेच. अंशाला, मीटरला सुमारे १७ मायक्रॉन वाढ. चार फटी म्हणजे एका तुकड्याची लांबी साधारण १.३५ मीटर. कापलं तेव्हा ४१ अंश, आता २९. बारा अंश गुणिले १.३५ गुणिले १७. उत्तर आलं २७५ मायक्रॉन. पाव मिलिमीटरच्या जरासं वर. म्हणजे थंडाव्यामुळे एक मिलिमीटरची फट फार तर सव्वा मिलिमीटर व्हायला हवी होती. समोर तीन होती. उरलेले पावणेदोन मिलिमीटर कुठून आले?

मी वही घेऊन तिथेच बसलो होतो. मामी चहा घेऊन आल्या, आणि दार पायानं ढकललं तर ते अडलं. दोनदा ढकलावं लागलं. चहा बशीत सांडला.

"या दाराचं काय करायचं ते करा एकदाचं," मामी म्हणाल्या. "पावसाळ्यात फुगते, कूलर लावला की फुगते. एप्रिलात मात्र कडी लावली तरी खालून मांजर येते."

मामा म्हणाले, "दार लाकडाचं आहे. फुगणारच."

"अन्‌ तुमच्या फळीचा देव वेगळा हाये का?"

मामा माझ्याकडे पाहू लागले आणि मी दाराकडे. पुढचे काही क्षण कोणी काही बोललं नाही. सुतारानं दोन वर्षांपूर्वी त्या दारावर ऑगस्टात रंधा मारला होता, त्याचा ताजा पांढरा कड अजून दिसत होता.

मोजलं तेव्हा

त्याच आठवड्यात पाटाच्या लांबीत दोन पितळी खिळे ठोकले, डोक्यावर सुईनं खूण केली. दोन खुणांमधलं अंतर लांब पोलादी पट्टीनं २००० मिलिमीटर. शेजारी तापमान आणि आर्द्रता दाखवणारी छोटी डिजिटल डबी ठेवली, काहीशे रुपयांची. मामांनी त्यासाठी वेगळी वही केली, गार्डाच्या जर्नलसारखी: तारीख, वेळ, अंश, टक्के, मिलिमीटर, शेरा.

जुलैअखेर ८० टक्क्यांच्या वर आर्द्रता, २०००. डिसेंबरात ५० च्या आसपास, १९९८.५. मग मार्चपासून आकडा घसरायला लागला. एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात खोलीत आर्द्रता १६ टक्के आणि अंतर १९९६.५. दोन मीटरमागे साडेतीन मिलिमीटर पाट आकसला होता. पोलादी पट्टीही उन्हात वाढते, पण तिची चूक ०.३ मिलिमीटरच्या आतली. खरं आकसणं त्यानं उलट किंचित कमीच ठरतं, फार बदलत नाही.

त्याच दोन मीटरमध्ये, त्याच काळात, रूळ वाढले किती? बारा अंश, दोन मीटर, १७ मायक्रॉन: ०.४ मिलिमीटर. ज्याच्यावर वर्षभर खापर फोडलं त्या उन्हाचा वाटा एवढाच. पाटाचा वाटा त्याच्या आठपट.

आणि कूलरची नोंद. मेच्या मध्यात कूलर लागला, दहा दिवसांनी आर्द्रता ५५, अंतर पुन्हा १९९८.५. बाहेर ऊन वाढत होतं आणि पाट फुगत होता. मामांच्या चष्म्याची मी केलेली थट्टा तिथे वहीत शेऱ्याच्या रकान्यात नोंदली आहे, माझ्या नावासकट.

एमडीएफ म्हणजे लाकडाचा भुसा-तंतू राळेत दाबून केलेली फळी. लाकडासारखीच ती हवेतली ओल पिते आणि कोरड्या हवेत सोडते; प्लायमध्ये एकाआड एक आडवे-उभे थर एकमेकांना धरून ठेवतात, तसं तिच्यात धरणारं काही नसतं. आमच्या पाटाला वरून रंग आणि फेविकॉलचं कवच होतं, खालून काहीच नव्हतं. त्यामुळे ती खालूनच प्यायची आणि खालूनच वाळायची, म्हणून लांबी बदलायचीच, वर मधोमध थोडी खोलगट-फुगीरही व्हायची. रुळाला हवेतल्या ओलीशी देणंघेणं नाही. सप्टेंबरात फुगलेल्या पाटावर आम्ही रूळ ठासून जोडले होते. एप्रिलात पाट आखडला, रूळ होते तेवढेच राहिले, वर उन्हानं थोडे वाढले. सगळ्या फेऱ्यावर हिशेब केला तर साडेदहा मिलिमीटर रूळ जास्तीचा झाला. त्यातला बराच भाग वळणांनी बाहेर सरकून पोटात घेतला. काकांनी बोट ठेवलेली ती केसासारखी भेग म्हणजे सरकलेल्या वळणाची खूण होती. जे मावलं नाही ते सगळ्यात कच्च्या जोडावर, स्टेशनासमोर, वाकून बाहेर आलं.

मी वही काकांना दाखवली. त्यांनी चष्मा लावून सगळे आकडे वाचले, बराच वेळ.

"आमच्याकडे जमीन आकसत नाही, भाऊ," ते शेवटी म्हणाले. "म्हणून माझ्या डोक्यातच नाही आलं."

एक गोष्ट नागपूरच्या हिशेबात धरली पाहिजे. मुंबईत हाच पाट असता तर मे महिन्यातही हवा दमट, वर्षभराचा फरक लहान, कदाचित काही कळलंही नसतं. इथे एप्रिल कोरडा आणि तापलेला एकाच वेळी असतो, म्हणजे पाटाचं आकसणं आणि रुळाचं वाढणं एकाच दिशेनं पडतं. पावसाळ्यात दोन्ही उलट दिशेनं जातात, तेही एकत्रच.

दुरुस्ती

माझं मत स्पष्ट होतं: पाट बदला. लकडगंजमधून चांगला वॉटरप्रूफ प्लाय आणू, सहा महिन्यांत सगळं पुन्हा मांडू. मामा घाटाकडे पाहत राहिले. तो लगद्याचा डोंगर त्यांनी दोन दिवाळ्यांमध्ये उभा केला होता, भंडारकुंडजवळची खरी माती एका डब्यातून आणून. "हे मोडून नाही होत रे," म्हणाले. तांत्रिकदृष्ट्या माझं बरोबर होतं, आजही तेच म्हणेन. पण घर त्यांचं, डोंगर त्यांचा. तो पाट ठेवूनच काय करता येईल ते पाहायचं ठरलं.

ओल शिरू नये म्हणून पाटाची कोरी बाजू सील करायची तर कधी, हा पहिला मुद्दा. पावसाळ्यात केलं तर फुगलेलं लाकूड बंद होईल, एप्रिलात केलं तर वाळलेलं. आम्ही दसऱ्यानंतरची वेळ धरली. ऑक्टोबरात आर्द्रता मध्यावर आली, खिळ्यांमधलं अंतर १९९८.५ च्या आसपास स्थिर दिसलं, तेव्हा हात घातला.

पाट उलटवणं हे खरं काम. चार स्क्रू काढले, खालच्या तारा सोडवल्या, प्रत्येकीला कागदाची चिठ्ठी बांधली. भिंतीला गाद्या लावल्या. मी, मामा, काका आणि खालच्या मजल्यावरचा एक पोट्टा, असे चौघे. आठ बाय चारची शीट, वर डोंगर, गाव, दोन सिग्नल. "हळू, हळू, हळू" म्हणत ती लांब कडेवर उभी केली. काका एकदा "थांबा!" म्हणाले तेव्हा सगळे जागच्या जागी. होम सिग्नलचा हात काकांच्या बाहीत अडकला होता. त्यांनी अत्यंत सावकाश कोपर मागे घेतलं आणि सिग्नल वाचला. मात्र स्टेशनाचं छप्पर, जे नुसतं ठेवलेलं होतं आणि कोणाच्या लक्षात नव्हतं, ते फरशीवर पडून दोन तुकडे झालं. सावनेर स्टेशन अजूनही एका बाजूनं किंचित डागडुजी केलेलं दिसतं. खऱ्या स्टेशनांसारखं, असं मामा म्हणतात.

खालच्या बाजूला आधी घासकागद, मग सीलरचे दोन हात, चारही कडांना तीन. तारांसाठी पाडलेली भोकं आतून ब्रशनं भरली, कारण ओल कापलेल्या कडेतून सगळ्यात जास्त शिरते. दोन दिवस उभाच वाळवला.

मग फटी. पाट आता फुगण्या-आकसण्याच्या मध्यावर होता, म्हणून साडेदहा मिलिमीटरचा अर्धा, सव्वापाच. सीलरनं काही फरक पडणार हे धरलंच नाही, वाईटात वाईट गृहीत धरलं. आठ फटी, प्रत्येकी ०.७, एकूण ५.६. ०.७ मोजायची कशी? दोन व्हिजिटिंग कार्डं एकत्र धरून. फटी सगळ्या सरळ भागात किंवा वळण जिथे संपतं तिथे. वळणावरचे जोड सोल्डरच ठेवले, नाहीतर तिथे कोपरा येतो. जुन्या चार फटींपैकी दोन चुकीच्या जागी होत्या, त्या रुळाचे छोटे तुकडे घालून बुजवल्या. फटीजवळच्या चार-पाच स्लीपरांखालचा फेविकॉल पाण्यानं सोडवला, म्हणजे रूळ पुढेमागे सरकू शकेल. जोडपट्टीत गोंद जाऊ नये म्हणून आत टूथपिकनं किंचित ग्रीस. आमच्या मूळ कामात प्रत्येक जोडपट्टी गोंदानं गच्च झाली होती. तिथे फट ठेवली असती तरी रूळ हलला नसता.

विजेचं काम मला हातचं, म्हणून थोडक्यात. पाटाखालून घरगुती वायरिंगची जाड तार दोन पदरी फिरवली, आणि रुळाच्या प्रत्येक तुकड्याला तिच्यातून स्वतःची बारीक तारांची जोडी दिली, प्रत्येकीत थोडा ढील ठेवून. आता जोडपट्टीनं वीज वाहिली काय, न वाहिली काय. गाडीचा मार्ग बदलणाऱ्या सांध्यांच्या पात्यांखाली साचलेली धूळ अल्कोहोलनं पुसली. महालात मे महिन्यात किती धूळ येते हे सांगायला नको.

राहिला कूलर. तो खिडकीतून सरळ घाटाच्या टोकावर झोत मारायचा, म्हणजे पाटाचं एक टोक ओलं, दुसरं कोरडं. मी म्हटलं, पाट तरी हलवू किंवा कूलर. मामा म्हणाले, कूलर माणसासाठी की गाडीसाठी? मामी म्हणाल्या, माणूस कोण आहे त्यावर. शेवटी झोताची जाळी वर वळवून तडजोड झाली.

त्यानंतर

पुढच्या एप्रिलात मी रोज फोन करत होतो. आर्द्रता १८ पर्यंत उतरली. खिळ्यांमधलं अंतर या वेळी वर्षभरात पावणेदोन मिलिमीटर हललं, आधीच्या निम्मं. आठपैकी स्टेशनासमोरची एक फट पूर्ण मिटली, कागदही जाईना. बाकी सातांत जागा उरली. रूळ सरळ. जुलैत घाटाच्या पायथ्याची फट एक मिलिमीटरच्या आसपास उघडली, चाक हलकं टक्‌ करून पुढे जातं. मामांना तो आवाज आवडतो. सोल्डर केलेल्या गुळगुळीत फेऱ्यात तो नव्हता, आणि सौंसरच्या गाडीत तो होता, असं त्यांचं म्हणणं.

सगळं सुधारलं नाही. पाट मधोमध तीन मिलिमीटर खाली बसलाय, दोन वर्षांच्या फुगण्या-आकसण्यात, आणि तो आता वर येणार नाही. सावनेर सोडताना झेडडीएम किंचित उतारावर धावतं आणि आत येताना चढावर गुरगुरतं. चौकटीत मध्ये एक अँगल आणखी टाकायला हवा होता, हे वेल्डिंगवाल्याला तेव्हा सुचलं होतं, आम्ही पैसे वाचवले होते.

गेल्या महिन्यात मामांनी नागभीडच्या लाइनचा आराखडा काढला. वेगळा पाट, सहा बाय दोन. लकडगंजला मीच त्यांच्यासोबत गेलो. दुकानदारानं प्लायवर टिचकी मारून दाखवली, म्हणाला, एकदम कडक माल, पाण्यात बुडवा, काही होणार नाही. मामांनी ऐकून घेतलं, शीट घेतली, रिक्षावाल्याला घरी टाकायला सांगितलं.

"सुतार उद्या पाठवू का, काकाजी?" दुकानदारानं विचारलं.

"नाही, पंधरा दिवसांनी," मामा म्हणाले. "आधी ती आमच्या खोलीत राहू दे."

ती शीट आता गच्चीवरच्या खोलीत विटांवर आडवी पडून आहे, चारही बाजूंनी हवा लागेल अशी, आणि तिच्यावर दोन पितळी खिळे ठोकून झालेत.